विलायतेत सहा महिने, इकडे तीन

लोणावळे, २४ जुलै १९६१

पानशेत फुटल्यापासून पुण्याकडचे टपाल उशिरा आणि ओले येते. मुंबईकडचे नेहमीसारखे नुसतेच ओले. आज त्यात लंडनचे पत्रक निघाले. पाने एकमेकांना चिकटली होती. आक्काने ती तव्यावर शेकून सुटी केली आणि म्हणाली, "तुझ्या कायद्याला पापडाचा वास येतोय."

बातमी मोठी आहे, निदान माझ्यापुरती. पेटंटची वार्षिक फी चुकली तर इंग्लंडात दंड भरून तीन महिन्यांची सवलत मिळे. ती आता सहा महिन्यांची झाली. तीन वर्षांपूर्वी लिस्बनला राष्ट्रांची सभा भरली होती, तिथे हे ठरले होते. इंग्रजाने ते आता आपल्या कायद्यात आणले. आपण त्या मंडळात नाही, म्हणून आपल्याकडे तीन ते तीनच. दिल्लीत नवा कायदा येणार येणार म्हणतात. मी तो येईपर्यंत जुना पाठ ठेवतो.

पाठशाळेत मी व्याकरण आणि धर्मशास्त्र घोकले, आणि पोट भरले मुंबईत एका पारशी शेटच्या पेटंट पेढीत परदेशी पत्रे लिहून. शेट गेले, पेढी मिटली. ज्या गिऱ्हाइकांना दुसरे कोणी घेईना ती माझ्याबरोबर इथे आली, दम्यासारखीच. दम्याला डोंगराची हवा चांगली, असे डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांनी लोणावळे पाहिले ते डिसेंबरात.

पेटंट म्हणजे काय हे आक्काला एकदा समजावले होते. एखाद्याने नवी वस्तू शोधली तर ठरावीक वर्षे ती दुसऱ्याने बनवू नये, असा सरकारी कागद. दरवर्षी फी भरायची. चुकली की कागद मेला. आक्का म्हणाली, म्हणजे वर्षश्राद्धच की. मी म्हटले, उलट. श्राद्ध मेलेल्याचे असते, ही फी मरू नये म्हणून असते. त्यावर ती काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की मला जिंकल्यासारखे वाटत नाही.

३० जुलै

औंढ्याचे रखमाजी आले होते, सून शालन बरोबर. दोघे इरल्याखाली असूनही चिंब. माझ्या उरलेल्या गिऱ्हाइकांत हे एकच असे की ज्यांच्यासाठी मी पत्र दोनदा वाचून पाठवतो.

रखमाजींचा सीताराम इथे लोणावळ्यात एका विजेच्या वर्कशॉपात फिटर होता. त्याने एक कंदील काढला. घाटातला वारा आणि आडवा पाऊस खाऊनही विझायचा नाही. टोपीच्या आत दुसरी टोपी, धूर बाहेर जातो, पाणी आत येत नाही. आमच्या पेढीच्या शेटना पोरगा इतका आवडला की त्यांनी पदरमोड करून इथे आणि इंग्लंडात दोन्हीकडे पेटंट घेतले. मुंबईचा एक कारखानदार ते कंदील बनवतो. प्रत्येकावर पितळेची पट्टी असते, तिच्यावर पेटंटचा आकडा आणि सीतारामचे नाव. रखमाजींना वाचता येत नाही. ते पट्टीवरून अंगठा फिरवतात.

चार वर्षांपूर्वी श्रावणात शुद्ध दशमीला सीताराम विषमज्वराने गेला. कागद बापाच्या आणि बायकोच्या नावावर चढवला. कारखानदाराकडून दरसाल जो हिस्सा येतो तो शालनला मिळतो. तो करारनामा माझ्या हातचा आहे. "विधवा असेतो व सासरी राहील तोवर" हे कलम मीच घातले, म्हणजे पोरीला कोणी घराबाहेर काढायला नको. त्या वाक्यातून पाणीसुद्धा झिरपणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ वराळ्याहून आला होता, बहिणीचा मोहतूर लावून द्या म्हणून. मोहतूर म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. त्यांच्यात चालतो. रखमाजींनी भावकीसमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतली. मी तिथे होतो, कागदाची मुदत सांगायला मुद्दाम नेले होते. ते म्हणाले, "सीतारामाचा कागद जिता हाय तवर सीताराम जिता हाय. कागद मेला तर पोर मोकळी. मंग मी आडवा येनार न्हाई."

कागदाची मुदत सोळा वर्षे, म्हणजे १९७० पर्यंत. मला तो शब्द फार भावला. पुराणात सुद्धा बापाने मुलासाठी इतका देखणा नेम केल्याचे आठवत नाही. शालन दाराच्या आड उभी होती. तिने फक्त विचारले, "सत्तर म्हंजी आजून किती?" मी सांगितले. ती आत गेली.

आज काम होते ते यंदाच्या फीचे. इथली तारीख चार ऑगस्ट. मी म्हटले, आणलेच आहेत पैसे तर आजच पाठवू. रखमाजी ऐकेनात. फी तिथीलाच जायची, आधी पोराला पान वाढायचे, मग कागदाचे पैसे. दर साली असेच होते. पण यंदा अधिक ज्येष्ठ आला आणि श्रावण पुढे सरकला, दशमी एकवीस ऑगस्टला पडते.

"आहो मंग कंपनी सरकारला सांगा की, औंदा धोंड्याचा म्हयना हाय म्हनून."

कंपनी सरकार जाऊन शंभर वर्षे झाली, पण रखमाजींना ते अजून कुणी कळवलेले नाही. मी म्हटले, सरकार अधिकमास पाळत नाही. मात्र दंड भरला तर तीन महिने थांबते, तेवढ्यात तिथी बसते. ते खूष झाले. अधिकमासात दान द्यावेच लागते, दंड त्यातच धरू म्हणाले.

मग शालनने विचारले, "तीन म्हयनं म्हंजी कवर, शास्त्रीबुवा?"

चार नोव्हेंबर. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पैसे जमा नाहीत तर कागद गेला. मी तिला नवा इंग्रजी कायदाही सांगून टाकला. तिकडची तारीख अठ्ठावीस जुलै, ती परवाच टळली, पण तिकडे आता सहा महिने, म्हणजे अठ्ठावीस जानेवारी. विलायतेला पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि ती बँक श्रावण पाळल्यासारखी उपाशीपोटी हळू चालते, म्हणून ही सवलत आपल्याला देवासारखी. शालनने तारखा मनाशी पुटपुटून घेतल्या. नवऱ्याच्या कागदाबद्दल इतकी चौकस बाई मी पाहिली नाही. माझ्या मुंबईच्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या पेटंटची तारीख विचारा, बायकोच्या वाढदिवसासारखी तोंडे करतात.

ते गेल्यावर आक्का म्हणाली, "मला चौदाव्या वर्षी कुणी मुदत नव्हती सांगितली."

मी विचारले कसली. ती मिठाची बरणी पुसत होती. "मिठाला पाणी सुटलंय," म्हणाली.

२१ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

आज दशमी. मी अंथरुणात. छातीत कोणीतरी भाता घेऊन बसले आहे.

रखमाजींना गुडघ्याने उठवेना, म्हणून शालन एकटी आली. एकटी म्हणजे अंबाजी बरोबर होता. कान्हे गावचा. कामशेतला पिठाची गिरणी चालवतो, सीतारामचा जुना दोस्त. याची बायको बाळंतपणात गेली. छत्री त्याने सगळी तिच्यावर धरली होती, स्वतः निथळत उभा. मित्र गेल्यावर चार वर्षांनी त्याच्या घरच्यांची एवढी कदर ठेवणारी माणसे विरळा. मी तसे म्हटलेही. तो पायांकडे पाहू लागला. त्याच्या भुवयांत पीठ बसलेले होते, पावसाने त्याची कणीक झाली होती. मी म्हटले, "अंबाजी, तुझ्या कपाळावर दोन पोळ्या होतील." शालन हसली. त्या घरातले कोणी हसलेले मी बऱ्याच दिवसांनी ऐकले.

मनिऑर्डरचा फॉर्म मी उशीवर भरला. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीचा पत्ता, आकडा, दंड, सारे. पोस्टात कोण जाणार? शालन म्हणाली, मी जाते. दिवेलागणीला परत येऊन दारातूनच सांगितले, "झालं." पावती? मामंजींना देते म्हणाली. बरोबरच आहे, पावत्या रखमाजी देव्हाऱ्यात ठेवतात, मी कधीच मागितल्या नाहीत. तिचा आवाज कापत होता. आजचा दिवसच तसा, पोरीला नवरा आठवला असणार. मी आक्काला म्हटले, तिला गरम चहा दे. आक्का म्हणाली, दिलाय. आत दोघी बराच वेळ हळू बोलत होत्या. सीतारामबद्दलच असेल.

९ सप्टेंबर

दमा उतरला, मागे खोकला ठेवून गेला. जर्मनीत पुढच्या वर्षांची फी कशी चढत जाते त्याचा तक्ता आला. तिकडे पेटंट जितके म्हातारे तितके महाग. आपल्याकडे म्हाताऱ्यांचे उलट आहे.

दोन गिऱ्हाइकांनी कळवले की यापुढे फी भरायची नाही, मरू द्या. रीतसर उत्तर लिहिले. पेढीत असताना शेट अशा पत्रावर सही करण्यापूर्वी टोपी काढीत. मी टोपी घालत नाही, म्हणून चष्मा काढला.

कलकत्त्याची पोच नाही. ती कधीच वेळेवर येत नाही.

४ नोव्हेंबर

शालन नवे तांदूळ घेऊन आली, आंबेमोहोर. दिवाळीला द्यायचे ते चार दिवस आधीच. घरभर वास. आक्काबरोबर चकलीला बसली.

आज रखमाजींच्या कागदाची सवलतीची शेवटची तारीख. मी बढाईने तिला म्हटले, बघ, आपण ऑगस्टमध्येच भरून मोकळे, नाहीतर आज माझी धावपळ झाली असती. ती म्हणाली, "व्हय." मग थोड्या वेळाने, "पोस्ट किती वाजता बंद व्हतं?" मी सांगितले ते केव्हाच बंद झाले, आज शनिवार. ती चकली पाडत होती ती मोडली. मोडलेली तिने पुन्हा पाडली, तीही मोडली. आक्काने साचा तिच्या हातून घेतला आणि म्हणाली, "जा घरी, अंधार पडायच्या आत."

जाताना ती माझ्या पाया पडली. दिवाळीचे म्हणून असेल. मी अखंड सौभाग्यवती भव म्हणणार होतो, ओठांवर आलेले गिळले. शास्त्र शिकलेल्या माणसाला सवयीचे आशीर्वाद फार महाग पडतात.

११ डिसेंबर

आज ही वही उघडवत नव्हती.

मुंबईच्या कंदीलवाल्याचे पत्र आले. सभ्य भाषेत. कलकत्त्याच्या नोंदींवरून कळते की आपले पेटंट फी न भरल्यामुळे बंद पडले आहे, तरी यापुढे हिस्सा देणे लागत नाही आणि नवीन मालावर पट्टी बसवली जाणार नाही.

कलकत्त्याला तार केली. मग पुन्हा घरी येऊन जुनी टिपणे उलगडली. एकवीस ऑगस्टला मला ताप होता. फॉर्म उशीवर भरला. उशीखाली इंग्लंडचाही कागद होता. मी आकडा इंग्लंडच्या पेटंटचा घातला असेल काय? डोक्यात त्या दिवसांत सहा महिने, सहा महिने हेच घोळत होते. बाकी जगाच्या मुदती ज्याला तोंडपाठ, त्याने घरची मुदत घालवली. रखमाजींनी मुलाला पान वाढून पैसे माझ्याकडे पाठवले होते.

आक्काला सांगितले. ती म्हणाली, "तुझी चूक नसेल." कशावरून म्हणतेस, विचारले. म्हणाली, "तू चुकलास तर आधी तीनदा खोकतोस." हा काही पुरावा नव्हे.

१४ डिसेंबर

कलकत्त्याचे उत्तर आले. पैसेच आलेले नाहीत. चुकीच्या आकड्याचेही नाहीत. पोस्टाने घोळ केला म्हणावे तर पावती हवी, आणि पावती रखमाजींच्या देव्हाऱ्यात.

एक वाट आहे. बंद पडलेले पेटंट पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो. मालकांनी शपथेवर लिहून द्यायचे की फी राहिली ती जाणूनबुजून नव्हे. मालक दोघे, रखमाजी आणि शालन. मजकूर तयार केला. इतके चांगले इंग्रजी मी शेटच्या मृत्युपत्रानंतर लिहिले नव्हते.

झोप नाही.

१७ डिसेंबर

औंढ्याला जाऊन आलो. घाईघाईने लिहितो, नाहीतर उद्या मी ते गोड करून लिहीन.

रखमाजी गुरे घेऊन गेले होते. शालन अंगण सारवत होती. मी ओट्यावर बसून सगळे सांगितले. चूक माझी असावी, पण इलाज आहे, पावती शोध आणि इथे सही कर. तिला सही येते, सीतारामने शिकवली होती.

तिने हात धुतले, पदराला पुसले. विचारले, यात काय लिहिलंय. मी मराठीत सांगितले, की फी न भरणे हे न कळत घडले, त्यात आमचा हेतू नव्हता.

ती म्हणाली, "मंग मी न्हाई करनार सही."

मला वाटले तिला समजले नाही. पुन्हा समजावले. ती घरात गेली आणि फडक्यात बांधलेले पैसे आणून माझ्यापुढे ठेवले. फॉर्मही होता, माझ्या अक्षरातला. उशीवर लिहिले तरी आकडा बरोबर होता.

"त्या दिशी पोस्टाच्या पायरीवर बसलेते," ती म्हणाली. "आत न्हाई गेले. अंबाजी म्हनत व्हता, भर. म्हनला, सत्तर सालापतुर थांबंन. मीच न्हाई भरले. त्याला बोल लावू नका."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा बेलभंडाऱ्याचे काहीतरी बोललो.

"शपत मामंजींची हाय, शास्त्रीबुवा. मला कुनी इचारलं व्हतं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "लबाडी येकदा केली. ती आता सरकारच्या कागदावर पुन्यांदा लिवू म्हनता? ती तेवडी न्हाई व्हनार."

मी म्हटले, अग, त्याचे नाव होते त्या कंदिलांवर.

"मला त्येंचं नाव पट्टीवर बघून म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "मी त्येंच्यासंगट ऱ्हायलेय."

मामंजींना हे माझ्याच्याने सांगवणार नाही, तुम्ही सांगा, एवढेच तिने मागितले. घर सोडले की हिस्सा जाणार होता हे तिला ठाऊक होते. माझ्या न झिरपणाऱ्या कलमाबद्दल तिने काही म्हटले नाही. म्हणायला हवे होते.

स्टेशनकडे चालताना मागचे सगळे आठवत गेले. सत्तर म्हंजी आजून किती. तीन म्हयनं म्हंजी कवर. पोस्ट किती वाजता बंद व्हतं. आणि मी दर वेळी उत्तर दिले, तारीखवार, दंडासकट.

१९ डिसेंबर

गोव्यात फौजा शिरल्या, पणजीवर तिरंगा लागला. वर्तमानपत्रात लिस्बन लिस्बन चालले आहे, अर्थात सहा महिन्यांच्या सवलतीसाठी नव्हे. बाजारात पेढे वाटले. मीही खाल्ला.

आक्काला विचारले, तुला ठाऊक होते?

"होतं."

मला का नाही सांगितलेस?

"तू तिला सही करायला लावली असतीस," ती म्हणाली. "तुला न्याय करता येतो रे त्र्यंबक. पण तू तो कागदाचा करतोस."

ती चौदाव्या वर्षी विधवा होऊन आमच्या घरी परत आली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला आठवते ते एवढेच, की खेळायला घरात कोणीतरी मोठे आले म्हणून मला आनंद झाला होता.

२ जानेवारी १९६२

अजून रखमाजींना सांगितलेले नाही. रोज सकाळी ठरवतो, दुपारी पत्रे लिहीत बसतो.

आणखी एक गोष्ट छातीवर बसली आहे. शब्द असा होता, कागद जिता आहे तोवर. कागद दोन आहेत. इथला मेला. विलायतेचा अजून सवलतीत आहे, अठ्ठावीस तारखेपर्यंत. रिझर्व्ह बँकेची परवानगी परवाच येऊन पडली. मी लंडनला एक तार केली की सीताराम तिकडे जिवंत राहतो, आणि इकडे पोर अडकलेली राहते. तिला मी दोन्ही तारखा सांगितल्या होत्या, पण विलायतेच्या कागदाचाही या शपथेशी संबंध लागेल हे तिच्या मनातही आलेले नाही. ते फक्त माझ्यासारख्याच्या मनात येऊ शकते. निर्णयग्रंथ वाचून माणूस शहाणा होतो असे नाही, पण फट कुठे आहे ते त्याला दिसते, आणि एकदा दिसली की न दिसल्यासारखे करता येत नाही.

आक्काला हे सांगितले नाही.

९ जानेवारी

रखमाजी स्वतःच आले. बाजाराला आलो होतो म्हणाले, पण पिशवी रिकामी होती. ओटीवर बसले. आक्काने गूळ-पाणी दिले. गुडघ्याची चौकशी झाली, गव्हाची झाली. फेब्रुवारीत आठ ग्रह एकत्र येऊन जग बुडणार म्हणतात, ते खरे का, असे विचारले. मी म्हटले, बुडले तर माझी बरीच पत्रे वाचतील. ते हसले नाहीत.

"शास्त्रीबुवा, कागद जिता हाय न्हवं?"

मी पाठ केलेले सगळे विसरलो. "गेला," म्हटले.

ते समोरच्या पेरूकडे पाहत म्हणाले, "कुनाच्या हातनं?"

"माझ्या. तापात होतो. फॉर्म चुकला."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. गुरे विकत घेताना पाहतात तसे, घाई न करता. "तुमी लय बारीक मानूस," म्हणाले. "तुमच्या हातनं न्हाई जायाचा."

मी पुढ्यातली पत्रे सरळ केली. मला कळले की त्यांना कळले आहे, आणि कधी कळले ते मी विचारले नाही. कदाचित ऑगस्टपासूनच, देव्हाऱ्यात पावती आली नाही तेव्हापासून. नोव्हेंबर उलटेपर्यंत ते काही बोलले नव्हते.

मग मी फट उघडी केली. दुसरे काही करवेना. सांगितले की इंग्लंडचा कागद अजून जिवंत आहे, सवलतीचे दिवस उरले आहेत, परवानगी आली आहे. तुमचा शब्द कागदावर होता आणि कोणता कागद ते तुम्ही बोलला नव्हता. भरायचे म्हणाल तर मी आज तार करतो. बोलताना माझे मलाच ऐकवत नव्हते. आक्का आतून दारात येऊन उभी राहिली.

रखमाजींनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. डोक्याला किती थोडे केस उरलेत ते तेव्हा दिसले.

"तितं त्याला कोन वळखतंय?" ते म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा, "ऱ्हाऊ द्या."

पागोटे बांधून उठले. पायरीशी थांबून आक्काला म्हणाले, "मावशी, पोरीला सांगा, अंबाजीच्या मान्सांना येऊ दे म्हनावं. ते आठ गिरं का काय, ते होऊन गेल्यावर." सून त्यांच्या घरात राहते. निरोप आमच्याकडे ठेवला.

२८ जानेवारी, रविवार

आज विलायतेची सवलत संपायची. पण रविवारी लंडनची कचेरी बंद, तेव्हा उद्याचा सोमवार धरतात. म्हणजे सीतारामला एक दिवस जास्त मिळाला. हा विनोद सकाळी लिहिला आणि दिवसभर पुरला नाही.

२९ जानेवारी

दुपारनंतर रखमाजी आले. बोलावले नव्हते. ही तारीख मी त्यांना एकदाच सांगितली होती, शालनला सांगत होतो तेव्हा. कालही येऊन फाटकापासून परत गेले म्हणे, रविवारमुळे मुदत आजवर लांबल्याचे आक्काने त्यांना तिथेच सांगितले होते.

ओटीवर भिंतीला टेकून बसले. मला वाटले विचार बदलला. तारेचा फॉर्म मी पुढ्यात ओढून ठेवला, लेखणी उघडली. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. म्हशीला दूध कमी झाले, म्हणाले. अंबाजीची माणसे येऊन गेली, बरी वाटली. शालन तिकडे जाताना काही नेणार नाही म्हणते, तर तांदूळ तरी ने म्हणून तिला तुम्ही सांगा, माझे ऐकत नाही. मी सांगतो म्हटले.

ऊन पेरूवरून उतरून कुंपणावर गेले. आक्काने आत दिवा लावला. गाडीची वेळ होत आली, ती चुकली तर अंधारात चालत जावे लागेल. मी तसे म्हटले.

"शास्त्रीबुवा, तितं आता किती वाजलं असतील?"

मी हिशेब करून सांगितले. तिकडे आत्ता कुठे दुपार होते आहे. कचेरी संध्याकाळी बंद होईल, तेव्हा आपल्याकडे निजानीज झालेली असेल.

"आजून दुपार हाय म्हंता?"

"हो."

"मंग बसतो जरा," रखमाजी म्हणाले, आणि त्यांनी पाय वर घेतले.